होणाऱ्या जावयाची शेकडेवारी

मस्विंगो, गुरुवार

सिंहाच्या कुळातले थोरले सिंह, माझे वडीलबंधू, यांना मायदेईचा गुडघे टेकून आणि टाळ्या वाजवून नमस्कार. दादा, तुम्ही सुखरूप असाल तर मीही सुखरूप आहे. (ही ओळ आपल्या आईपासून आपण सगळेच लिहीत आलो, पण हल्ली ती लिहिताना माझा हात थबकतो. "असाल तर" म्हणजे शेकडा किती, हे आपल्यात आजवर कोणी विचारलेलंच नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? माझ्या दाढेने मला फार छळलं. शेवटी ती गेली आणि मी उरले.

आता कामाचं. तुमच्या शुवाईने ज्या गारिकाईचं नाव घेतलं आहे, त्याच्याबद्दल तुम्ही मला दोन गोष्टी काढायला सांगितल्या होत्या. दिवसा छपरांवर सौरपट्ट्या बसवणारा हा मुलगा संध्याकाळी फोनवर पत्ते खेळतो म्हणतात, तर तो जुगारी आहे का, आणि त्याचं देवक कोणतं. मी आत्या, माझ्या होकाराशिवाय त्याचा मध्यस्थ तुमच्या अंगणात पाऊल टाकू शकत नाही. आणि तुमच्या पोरीने मला स्वच्छ सांगितलं आहे की गारिकाई नाही तर कोणीच नाही. एका पोरीचा संसार माझ्या जिभेच्या टोकावर असताना ऐकीव गोष्टींवर कसा भरवसा ठेवायचा? म्हणून मी त्याला घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, मला तुझा तो खेळ शिकव, जुगार असेल तर मला वासानेच कळेल. (मधल्या काकांच्या घरात मी वाढले आहे, हे तुम्ही विसरला नसाल.)

त्याने माझ्या फोनवर पोकर घालून दिला. पैसे नाहीत, नुसत्या खोट्या चकत्या, शिकाऊ लोकांसाठी. दोन पत्ते आपल्या हातात झाकलेले, पाच पत्ते मधे सगळ्यांचे. ते आधी तीन, मग एक, मग एक असे उघडतात. समोर कोण बसलंय ते दिसत नाही. मी आपली प्रत्येकाला आधी 'कसे आहात' असं लिहून विचारत होते, तेवढ्यात माझी पाळी निघून जायची. मग त्याने मोजणी शिकवली. समजा, तुमच्याकडे नि मधे मिळून चार बदाम झाले, पाचवा हवा. बदाम एकूण तेरा, म्हणजे नऊ अजून दडलेले. दोन पत्ते उघडायचे असतील तर नवाला चाराने गुणा, शेकडा छत्तीस. एकच उघडायचा असेल तर दोनाने गुणा, अठरा. अगदी काटेकोर नाही, पण भाकरीपुरतं पीठ मुठीने मोजतो तसं चालून जातं. पुढे त्याने सांगितलं की मधल्या ढिगात चाळीस चकत्या आहेत आणि तुम्हाला टाकायच्या आहेत दहा, तर पाचांत एकदा जिंकलात तरी नुकसान नाही. दादा, मला एकदम घरात नवी खिडकी पाडल्यासारखं वाटलं. साठी आली आणि इतकी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून मी सगळंच मोजायला लागले. बाजारात जायला कोंबी गाडीत बसले होते. चार जागा रिकाम्या, आणि भरल्याशिवाय ती सुटत नाही. मी रस्त्यावरची माणसं मोजली. नऊ. त्यांतला एक प्यालेला, दोघी कोंबड्या विकायला बसलेल्या, एक पाद्री स्वतःच्या गाडीची वाट बघत होता. कामाचे उरले पाच, पाच चोक वीस. वीस म्हणजे काही खरं नाही, म्हणून मी उतरले आणि चालू लागले. कोपऱ्यापर्यंत पोचले नाही तोच तीच कोंबी गच्च भरून माझ्या शेजारून गेली आणि कंडक्टर डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाला, आत्याबाई, चालणं तब्येतीला चांगलं." हे मी गारिकाईला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, वीस म्हणजे 'नाही' नव्हे. पाचांतली ती एक वेळ आजचीही असू शकते. हे वाक्य मी गुरुवारच्या महिला प्रार्थनेत सांगितलं आणि माई चिरांडूला ते बायबलातलंच वाटलं. तिने 'आमेन' म्हटलं, मी दुरुस्त केलं नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून रोज होत होती. मला बदामाचा राजा आणि बदामाची राणी आली की मी ती जोडी गुपचूप टाकून द्यायची. एकदा त्याने पाहिलं.

"आत्या, एवढा चांगला हात का टाकलात?"

"अरे, दोघं एकाच देवकाची. चारचौघांत शोभतं का ते?"

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "आत्या, एकाच रंगाची असली म्हणून हात वाईट होत नाही. उलट शेकडा दोन-तीनने चांगलाच होतो." आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. मला वाटलं, माझ्या अडाणीपणाला कंटाळला.

तर माझा निकाल असा. मुलगा जुगारी नाही. जुगारी माणूस 'नक्की येणार' म्हणतो. आपल्या घरात आलेल्या प्रत्येक जावयाने 'नक्की' म्हटलं. माझे यजमानही नाताळपर्यंत नक्की परततो म्हणून जोहान्सबर्गला गेले, आणि तेव्हापासूनचे नाताळ मी मोजत नाही. हा पहिला मुलगा भेटला जो म्हणतो, माहीत नाही, पण इतकी आशा आहे. माझ्या शुवाईला असा माणूस मिळावा असं मला फार फार वाटतं.

वहिनींना आणि लेकरांना माझे आशीर्वाद. सोबत साखर पाठवली आहे, बसवाल्याकडून मोजून घ्या.

तुमची धाकटी बहीण,
मायदेई

ता. क. देवकाचं लिहायचं राहिलंच. सिंह. हो, आपलंच. पण त्यांचे सिंह नदीपलीकडचे. मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, मागच्या सात पिढ्यांत आपला त्यांचा संबंध नाही. आणि मुलाकडच्यांनी एका देवकाचं नातं तोडायची पांढरी गाय दिली की अशी सोयरीक होते, हे दुसऱ्यांच्या घरी पंच म्हणून बसून तुम्हीच सांगत असता.

आणखी ता. क. तुम्ही हो म्हणाल याची शक्यता मी मोजली. अठरा आली. मग हे पत्र आधी वहिनींच्या हातात द्यायला बसवाल्याला बजावलं, तेव्हा छत्तीस झाली.

शेवटचं ता. क. छत्तीसवर माझं भागेना. म्हणून त्यांच्याकडची ती गाय मी काल माझ्याच दारात उतरवून घेतली. पांढरीशुभ्र आहे. माझा सगळा कोबी तिने खाल्ला आणि आता वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते आहे. शुवाई माझ्याकडेच आहे, ती तिला पाणी पाजते आणि तासन् तास तिच्याशी बोलत बसते. या आणि घेऊन जा. दारात आलेली गाय परत पाठवणारा सिंह मी तरी अजून पाहिलेला नाही.