वडीगोद्रीच्या हळदीत आमचं गाणं

रविवार, अंबड

वहिनीच्या भाचीच्या हळदीत आज पुन्हा डीजेवर माझं अन् गजाननचं जोडीनं रेकॉर्ड केलेलं गाणं. सगळी कडवी माझी. गजाननच्या वाट्याला नुसतं "हो गं राणी". व्हिडिओत माझ्या जागी दुसरीच पोरगी नाचती, म्हणून सत्कार त्या दोघांचा. गजानन अंधार पडला तरी काळा चष्मा लावून. कशाला? लाज झाकायला? ती असती तर ना.

दोघं स्टेजवर ओठ हलवून राह्यले अन् मधेच डीजे बंद पडला. लोक म्हणले, "तोंडानं म्हणा की मंग." पोरगी गजाननकडं बघाया लागली. गजाननं चष्मा काढला, पंगतीत मला हुडकलं. माइकवरून म्हणतो, "ताई, या ना वर."

आता ताई.

मी बुंदीचा मोठा घास तोंडात भरला.