रिकामी क्रेन

प्रिय ठमे,

तुझं चार पानी रडगाणं पोचलं. तुझे बाबा लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण मी कागद ओढून घेतला. का, ते शेवटी सांगते. त्या जागतिक बैठकीत आपल्यासारख्या लहान देशांची बोलायची पाळी जेवणानंतर येते आणि तेव्हा अर्धं सभागृह पेंगत असतं, हे वाचून मला हसूच आलं. पण तुम्ही एवढं भांडूनही त्यांनी मागणीतलं निम्मं गाळलं, मालाच्या पैशांची हमी मिळाली ती फक्त अन्न आणि औषधांना, यावर तू किती कष्टी झालीस तेही कळलं गं.

इथलं ऐक. दिवाळं वाजलं तिकडच्या बड्या देशांतल्या बँकांचं आणि ओस पडलं आपलं बंदर. आपल्या बँकेची हमी बाहेर कोणी घेईना, मग माल कोण पाठवणार? तरी मी रोज सकाळी क्रेनवर चढायचे, रिकामा आकडा वरखाली फिरवायचे आणि उतरायचे. क्रेन नुसती उभी राहिली की तारेचे दोर गंजतात, मोटर जाम होते. गोदामातले हमाल खालून ओरडायचे, काकू, आज किती टन हवा उतरवली? मीही म्हणायचे, या उचलायला! पण एकदा वर बसून पोटभर रडले. आपण हा काय वेडेपणा चालवलाय, असं वाटलं.

आणि काल जहाज आलं, ठमे! गहू आणि औषधं. तुमच्या त्या उरलेल्या निम्म्यावर आलेलं पहिलं जहाज. शेजारच्या दोन्ही क्रेन जाम झालेल्या, माझी मात्र पहिल्या झटक्यात उठली. तेच हमाल खालून टाळ्या वाजवत होते आणि मी वर नाक पुसत होते.

राजीनामा देऊन घरी येऊ का, असं तू विचारलंस. बाबांनी कागदावर ‘लगेच ये’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून तो ओढून घेतला. घर तुझंच आहे, कधीही ये. पण हरले म्हणून येऊ नकोस. इंधन आणि कच्चा माल अजून मागायचाय, कारखाने बंदच आहेत. जेवणानंतर तुझी पाळी आली की ऊठ आणि बोल, समोरचे खुशाल पेंगोत. मी सकाळी क्रेनवर असेनच.

हवा उतरवणारी,
तुझीच आई