नेरीसच्या मेंदूतली पाचवी पेशी

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार. अंबरनाथ.
३१ मार्चपर्यंत एम.फिल.चा थिसिस दिला तरच कॉलेजातली नोकरी कायम. नाहीतर जूनपासून घरी. घाबरायचं कारण नाही. विषय माझ्या मुठीत आहे: नेरीस या समुद्री किड्याच्या मेंदूतल्या हार्मोन बनवणाऱ्या चेतापेशी. मेंदू मोहरीएवढाही नाही. दोन महिने पुरून उरतील.

१२ फेब्रुवारी.
मेंदूचे कापलेले पातळ सेक्शन पंख्याने उडाले. पंखा पोरांनी लावला होता. घरी बायकोने, वृंदाने, विचारलं, किती झालं? सांगितलं, पाया झाला.

२४ फेब्रुवारी.
आमचे लॅब अटेंडंट शिवरामभाऊ म्हणाले, सर, स्लाइडला लावायचा रंग गाळून घ्या. वीस वर्षं लॅबमध्ये आहेत, पण थिअरी ठाऊक नाही. गाळला की रंग फिका पडतो, हे मी त्यांना शांतपणे समजावलं.

५ मार्च, दुपारी ३.१०.
सापडली. पुस्तकात अशा पेशींचे चारच प्रकार दिलेत. ही पाचवी, जांभळ्या दाण्यांनी गच्च. प्रत्येक स्लाइडवर आहे. पुस्तकात नाही, म्हणजे पुस्तक जुनं झालं.

११ मार्च.
वृंदाने बदलापूरला माहेरी कळवलं. सासरे पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलले.

१९ मार्च.
चार जुन्या प्रकारांची पानं काढून टाकली. थिसिस आता फक्त पाचव्या पेशीवर. उल्हासनगरच्या सिंधी टायपिस्टने विचारलं, "साईं, ये कीड़ा काटता है क्या?" अशा लोकांकडून विज्ञान टाइप करून घ्यायचं. झोप लागत नाही, पण ती आनंदाने.

२७ मार्च, शुक्रवार.
माझे गाइड शशिकांत सर आले. दोन मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मग त्यांनी स्लाइड सरकवली, पार किड्याच्या बाहेर.
"इथे काय आहे?"
म्हणालो, नुसती काच.
"मग बघा."
काचेवरही तेच जांभळे दाणे. रंगाचा गाळ. सरांनी विचारलं, गाळला नव्हता का? शिवरामभाऊ शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च.
थिसिस दिला नाही. प्राचार्यांनी आधी बसायला सांगितलं, तेव्हाच समजलो. जूनपासून येऊ नका.
मला भीती वाटते.
रविवारी बदलापूर गावात सासऱ्यांनी माझा सत्कार ठेवलाय. सगळ्या आळीला आमंत्रण आहे. वृंदाला अजून काही सांगितलेलं नाही. तिने आत्ता विचारलं, भाषण तयार आहे ना?
हो म्हणालो.