गुडघ्याखालची उशी

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वहिनीचं कार्ड पोचलं. दवाखान्यातून घरी येऊन तू स्वतःच्या खाटेवर निजलास, हे वाचून जीव भांड्यात पडला. मला तिथे आणखी राहायचं होतं, पण इकडे वसतिगृहाच्या गाद्या भरायच्या अडल्या होत्या. मुलं जमिनीवर झोपली असती आणि शिव्या मला पडल्या असत्या.

खानावळीच्या मालकाने तुझी जागा धरून ठेवली आहे म्हणे. माणूस भला दिसतो. पण उकळत्या पाण्याचं पातेलं एकट्याने उतरवू नये, एवढी अक्कल तुझ्यासारख्या आचाऱ्याला असायला हवी होती. बरा झालास की चांगली खरडपट्टी काढणार आहे. आत्ता नाही.

सोबत एक उशी पाठवते आहे. कापूस नवा, खोळ जुन्या मऊ चादरीची. ती डोक्याखाली घेऊ नकोस, तुझ्या डोक्याला वीटही चालते. ती गुडघ्याखाली घ्यायची. आई गेल्यावर तू पाय दुखतात म्हणून रडायचास, तेव्हा मी हेच करत असे आणि तू लगेच घोरायला लागायचास.

लोभ आहेच. त्याची काळजी नको, पायाची घे.
तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांगातलं एक अंग सध्या नादुरुस्त आहे, तेव्हा उरलेल्या सातांनी नमस्कार. वि. वि.

उशी मिळाली. काय सांगू, स्वर्ग! उजव्या पायाला गुडघ्याच्या मागून थेट टाचेपर्यंत नवी कातडी लावली आहे. पाय सरळ केला की कुणीतरी मागून चिमटा धरून ओढतंय असं वाटतं. उशीवर गुडघा टेकला की चिमटा सुटतो. दुपारभर मी तसाच पडून असतो.

दवाखान्यात चालायला शिकवणाऱ्या बाई आहेत. मी त्यांना हेडमास्तरीण म्हणतो, अर्थात मनात. उभं राहण्याआधी त्या पायाला घट्ट पट्ट्या गुंडाळतात. नाहीतर सगळं रक्त पायात उतरतं, पाय जांभळा होतो आणि असा ठणकतो की उभं राहणंच नको होतं. मग दोन दांड्यांच्या मधून आरशासमोर चालायचं. आधी टाच टेकायची, मग चवडा. माझी टाच काही टेकत नाही. दूध प्यायला निघालेल्या मांजरासारखा मी चवड्यावर चालतो. हेडमास्तरीण म्हणाल्या की मांजराचं ठीक आहे, त्याला चुलीपुढे उभं राहायचं नसतं.

त्यांनी गुडघ्यामागे बांधायला एक फळी दिली आहे. त्या फळीचं आणि तुझ्या उशीचं पटत नाही. शनिवारी त्या घरी येतात, त्याआधी उशी कपाटात जाते. तुझ्या वहिनीला हे आवडत नाही. पण तिला न आवडणाऱ्या गोष्टींत मीही मोडतो, त्यामुळे चालायचंच.

लोभ असावा, आणि जमल्यास आणखी एक उशी.
तुझा ठोंब्या


३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

छापखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत हे लिहिते आहे. यांना ठाऊक नाही. तुम्हाला वाईट वाटेल, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

यांचा गुडघा सरळ होत नाही. दवाखान्यातून आले तेव्हा होत होता. व्यायामाच्या बाई सांगतात की भाजलेल्या जागची नवी कातडी रोज आक्रसत असते आणि पाय जसा ठेवाल तशी ती धरते. वाकवून ठेवला की बरं वाटतं, पण मग तो वाकलेलाच राहतो. घरी गुडघ्याखाली काही घेता का, असं त्यांनी यांना विचारलं. हे नाही म्हणाले. मी शेजारी उभी होते आणि मीही गप्प बसले.

या महिन्याच्या अखेरीस डॉक्टर पाय बघणार आहेत. तोवर सरळ झाला नाही तर मागची कातडी पुन्हा कापावी लागेल, पुन्हा खाट. मालक तरी किती थांबणार? आणि चुलीपुढे उभं राहता आलं नाही तर हे करतील काय? यांना दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

उशी मीच काढून घेतली असती. पण ती तुमच्या हातची. हे कुणाला हात लावू देत नाहीत, आणि मी काढली तर नणंदेची वस्तू डोळ्यांत खुपली असं होईल. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. माझं नाव मात्र मधे येऊ देऊ नका.

लोभ असू द्यावा, हे पत्र वाचल्यावरही.
तुमची वहिनी


८ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात राखून. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. पहिल्यांदा वाचताना पोट धरून हसले होते. आज हसू आलं नाही. जी वस्तू बाई येण्याआधी कपाटात लपवावी लागते, ती गुणाची नाही.

मी जन्मभर गाद्या-उशा करते. कापूस ज्या वजनाखाली राहतो त्याचाच खड्डा धरतो. मग वरून कितीही थोपटा, उसवून पुन्हा पिंजल्याशिवाय तो वर येत नाही. तुझा पाय कुणी उसवायला नको आहे मला. लहानपणी तुझे पाय दुखायचे ते वाढीमुळे. तेव्हाचं औषध मी आता पाठवलं आणि आपण फार माया केली असं समजून इथे खूष होते.

उशी परत पाठव. त्याआधी येत्या शनिवारी ती हेडमास्तरणींना स्वतःच्या हाताने दाखव. ताईला वाईट वाटेल म्हणून ती धरून बसला असशील, तर ऐक. तू लंगडत माझ्या दारात आलास तर मला वाईट वाटेल. मला भीती वाटते रे.

लोभ आहे तेवढाच आहे. वाढवायचा तर आधी गुडघा सरळ कर.
ताई


३१ मार्च

ती. ताईस,
सात अंगांनी नमस्कार. आठवं उमेदवारी करतं आहे. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा रुसलो होतो. तुझ्या वहिनीशी बोललो नाही, जेवणात खोड्या काढल्या. शनिवार आला तसा उशी मांडीवर घेऊन बसलो. मला वाटलं, आता शाळेबाहेर उभं करणार. हेडमास्तरणींनी उशी अंगठ्याने दाबून पाहिली आणि भरणी चांगली आहे म्हणाल्या. मग माझा पाय उचलून त्यांनी ती टाचेखाली ठेवली.

गुडघा अधांतरी राहिला आणि आपल्याच वजनाने खाली उतरायला लागला. ताई, मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही आहेत हे नंतर लक्षात आलं. उशी तीच, फक्त हातभर खाली सरकली आणि स्वर्गाचा नरक झाला.

पण रोज तसाच पडून राहिलो. तुझी वहिनी समोर बसून मला छापखान्यातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, म्हणजे मी पाय काढणार नाही. काल डॉक्टरांनी पाय पाहिला. आता कापायची गरज नाही म्हणाले. घट्ट मोजे अजून बरेच महिने घालायचे आहेत, खाज आहेच, आणि उकळत्या पाण्याचा आवाज आला की छातीत धस्स होतं. मालकांनी सध्या भाजी चिरायला बोलावलं आहे. उभ्याने.

उशी परत पाठवत नाही, घेऊनच येतो. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरेन. न्यायला धावू नकोस. दारात उभी राहा आणि पायाकडे बघ.

लोभ मोजूनमापून वाढवावा.
तुझा ठोंब्या


१४ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा माणूस काल सुखरूप पोचला. सांगितल्याप्रमाणे मी दारात उभी राहिले. कोपऱ्यावरून तो सावकाश आला, बगलेत उशी. आधी टाच, मग चवडा. मधे दम खायला सोनाराच्या ओट्याला टेकला तेव्हा माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, तो मी परत आत घेतला. दारात येऊन त्याने विचारलं की दिसलं का. मी म्हटलं, तुझे मोजे वेगवेगळ्या रंगांचे आहेत.

तुझं पत्र त्याला ठाऊक नाही, होणारही नाही. तुला ते लिहावं लागलं याचं मला वाईट वाटतं. यापुढे माझी एखादी वस्तू त्याच्या आड आली तर खुशाल फेकून दे आणि मग मला सांग.

दुपारी जेवून तो आडवा झाला आणि घोरायला लागला. माझा हात सवयीने उशीकडे गेला. गुडघ्यापाशी नेलीही होती. तेवढ्यात बोटांना तिच्यातला खड्डा लागला, लहानसा, टाचेएवढा. मग ती खाली नेली आणि टाचेखाली सरकवली. झोपेतच त्याचं तोंड वाकडं झालं, कण्हला. लहानपणी असा कण्हला की मी उठून उशी नीट करायचे. काल मी हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

त्याच्यावरचा लोभ यापुढे दोघींनी मिळून करू, म्हणजे चुकणार नाही.
तुझी वन्सं