कडुबाशेठ आणि पिशवीतली लिंबं

सुरत, १२ एप्रिल २०२५, शनवार

ती. आईस गोकुळचा दंडवत.

तर मी काय म्हणत होतो, उकळत्या वरणात लिंबू पिळलं तर कोणाचं काय बिघडतं? फोनवर तू "गध्या" म्हणलीस आन फोन कापलास. असं कापून भांडण जिंकता येत नाय. इथं खानावळीत दीडशे माणूस जेवायला बसतं. पातेलं खाली उतरवा, वाफ जाऊ द्या, मंग पिळा, एवढी सवड कोणाला हाय?

बरं, वरण कडू झालं होतं. थोडंच. एका गिऱ्हाइकानं मालकाला इचारलं, "शेठ, आज वरणात कारलं टाकलं का?" आता मी पातेलं उतरवूनच पिळतो. तुझं ऐकलं म्हणून नाय, मालकानं सांगितलं म्हणून.

तुझं सगळंच असं. दिवाळीला मी हौसेनं पाच हजार एक पाठवले तर केवढी ओरडलीस! "वरचा रुपया शुभकार्याला टाकतात. कोणाचं लगीन हाय का? उगं टाकत जाऊ नको." तव्हापासून गोल रक्कम पाठवतो.

बाकी खुशाल. उकाडा लई हाय. पत्र काहून लिहितो, तर तू फोन स्पीकरवर टाकतीस आन उस्मानपुऱ्यातली अर्धी गल्ली ऐकती. मागं मला जुलाब झाले तर शेजारच्या गीताबाईनं फोन करून इचारलं, थांबले का म्हणून. हे पत्र एकटीनं वाच, आत गॅसजवळ उभं राहून. घेऊन आलेला माणूस बाहेर बसला असंल. त्याला पाणी दे. शरबत आत्ताच करू नको, त्याचं खाली लिहिलंय.

माणसाचं नाव कडुबाशेठ. मूळचे अजिंठ्याचे, आता सुरतेत लिंबाचा ठोक धंदा. आमच्या खानावळीला लिंबं त्यांचीच. माणूस सोन्यासारखा, फक्त लिंबाचा विषय निघाला की डोक्यात थोडा फरक पडतो.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तव्हा मोठीमोठी हिरवीगार लिंबं निवडली. काट्यावर एक पोरगी बसली होती, ती फसकन हसली. "ओ खानावळ, लोकांला साल खाऊ घालता का?" मंग तिनं एक पिवळं लिंबू मह्या हातावर ठेवलं. दिसायला एवढंसं, साल पातळ, गुळगुळीत, पण हाताला जड. म्हणली, "दाबून बघा. दबलं पाह्यजे, पिचकलं नाय पाह्यजे." तू हेच सांगायचीस, म्हाईत हाय मला. पण तू सांगताना कान धरायचीस.

पोरीचं नाव प्रेरणा. शेठची पोरगी. हे आपलं असंच सांगितलं.

तिनंच सांगितलं, लिंबं प्लास्टिकात गाठ मारून ठेवायची नाय, घाम सुटून बुरशी धरती. कोरडी पुसायची, एकेक कागदात गुंडाळायचं, डब्यात ठेवायचं. मी बसून गुंडाळतो. खानावळीतली पोरं म्हणतात, गोकुळ लिंबाला झबली घालतो. तू लिंबांला तेलाचा हात लावून ठेवतीस, ते बी मी तिला सांगितलं. ती म्हणली, "तुमच्या आईला कळतं." मह्याबद्दल असं काय म्हणली नाय.

आता मुद्द्याचं. मामांची एक खोड हाय. (मामा चुकून लिहिलं गेलं. शेठ.) ते कोणाच्या घरी नातं जोडायच्या, म्हणजे ओळख वाढवायच्या हिशेबानं गेले की लिंबाची पिशवी नेतात. "वहिनी, यातलंच शरबत करा," म्हणतात आन बघत बसतात, बाई कोणतं लिंबू उचलती. वर दोन मोठी हिरवी, देखणी ठेवलेली असतात. आत नुसती साल. कन्नडला एका घरी बाईनं नेमकं तेच उचललं, वरून बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात पिळलं. शरबत पार कळकलं. शेठ अर्ध्या पेल्यावरनं उठले, "गाडीची येळ झाली" म्हणले. गाडी सांजची होती, हे सकाळीच निघाले.

तव्हा फ्रिजच्या दारातली ती वाळकी अर्धी फोड आधी लपव. दारावरची लिंबू-मिरची सुकली असंल तर नवी बांध. नाय, राहू दे, ती त्यांनी येतानाच बघितली असंल.

तू म्हणशील, पोह्याची गाडी मी चालवती आन हा मला लिंबू शिकवतो. आई, तू डोळे झाकून बरोबर लिंबू काढशील. मला त्याचं भ्या नाय.

मला भ्या हे हाय की तू मुद्दाम चुकीचं काढशील.

पिशोरच्या मामाची सोनिया तुझ्या मनात हाय. तिथं जाऊन तू काय बोलून आलीस ते मला कळलंय. सोनिया चांगलीच हाय. पण तिनं लहानपणी मला शेणाच्या खड्ड्यात ढकललं आन वर काठावर बसून पेरू खाल्ला, हे मी इसरू शकत नाय.

शेठ मला म्हणले, "पोरगा काय, समोरच हाय. मला घर बघायचंय." म्हणून आता सगळं तुझ्या हातात. त्यांला काय बोलू नको, उलटं उत्तर देऊ नको. तुझ्या मनात नसंल तर वरचं हिरवं उचल. शेठ अर्धा पेला पितील आन उठतील. मी रुसणार नाय. म्हणजे रुसंन, पण पैसे पाठवीन.

मनात असंल तर खालचं पिवळं घे. फरशीवर तळहाताखाली लोळव, तू लोळवतीस तसं. साखर आधी पाण्यात इरघळव, मंग पिळ. बिया काढ. मिठाची चिमूट तुझ्या अंदाजानं, त्यात मी बोलत नाय.

तू हे वाचशील तव्हा प्रेरणा काट्यावर बसून बापाच्या फोनची वाट बघत असंल. मी खानावळीत. आज वरणात लिंबू दोनदा पिळलं.

शेठच्या हाती पैशाचं पाकीट वेगळं दिलंय. त्यांच्यासमोर फोडू नको. आत ये, मोज, आन मंग पिशवीत हात घाल.

तुझा गध्या,
गोकुळ

पाकिटात : रुपये पाच हजार एक.