सव्वा वाजताची हाक

तीर्थस्वरूप मामांस,

दुरूनच वाकून नमस्कार (बोटीत बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा वाकले असं समजावं). गुडघा कसा आहे? बाबांना दोन घास तरी जातात का? आईच्या माघारी तुम्ही त्यांना आपल्या घरी नेलंत आणि मी इथे समुद्रात माइक सोडून डॉल्फिन काय बोलतात ते ऐकत बसले, याची लाज वाटते. पण डॉक्टर होऊनच तोंड दाखव, असं तेच म्हणाले होते. दवाखान्याने त्यांना वर्षअखेरची मुदत दिली आहे आणि माझा प्रबंध पुढच्या महिन्यात जाणार होता. 'होता' हे चुकून लिहिलेलं नाही.

मागच्या पत्रात मी माझ्या शोधाबद्दल चार पानं लिहिली होती (तुम्ही ती वाचली नसणार, त्याबद्दल आभार). थोडक्यात, रोज सव्वा वाजता पाण्यातून आवाज येई: दोनदा टकटक, थोडं थांबून तीनदा. पाच मिनिटांत अख्खा कळप बोटीभोवती हजर. म्हणजे कोणीतरी वडीलधारा डॉल्फिन बाकीच्यांना बोलावतो, असं मी म्हटलं. तीन वर्षांत ही हाक सहाशे वेळा टिपली, आलेख काढले. मार्गदर्शक बाईंनी ती परिषदेत ऐकवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. समुद्रात घड्याळ कोणाकडे असतं, हे कोणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या नावाड्याने दाढ काढली. आठ दिवस माणूस दुधावर, आणि आठही दिवस हाक बंद. मी वहीत 'ज्येष्ठाचा मृत्यू?' असं लिहिलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडी रडलेसुद्धा. नवव्या दिवशी तो डबा घेऊन आला, जेवला आणि उरलेले तुकडे माशांना मिळावेत म्हणून डबा बोटीच्या काठावर उलटा आपटला. दोनदा, मग तीनदा. माझ्या कानात हेडफोन होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी वळून बघत होते. दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये हे आईने लावलेलं वळण, म्हणून तीन वर्षं तो जेवताना मी पाठ करून बसत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा रोज वाजत होता.

बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "नावाडी कोणाला बोलेल का?" मी म्हटलं, तो नाही बोलणार, पण मला ते ऐकू येतच राहील. प्रबंध पाठवायचा रद्द केला. सगळं मुसळ केरात, आता नव्याने दोन वर्षं. पण खोटं छापलं नाही, एवढं समाधान आहे (त्याने झोप लागत नाही, तरी आहे).

मामींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमची भाची

ता. क. : नावाडी फार खजील झाला आहे. हल्ली डबा मांडीवर घेऊन मुकाट जेवतो आणि तुकडे घरी नेतो. कळप मात्र सव्वाला येतो, दोन फेऱ्या मारतो आणि निघून जातो.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. बाबांना सांगा, मी डॉक्टर झाले. पहिली आले असंही सांगा. यात पहिलं-दुसरं नसतं हे त्यांना ठाऊक नाही. फोनवर मला जमणार नाही, माझा आवाज ते लगेच ओळखतात. प्रमाणपत्र मागितलं तर टपालात आहे म्हणा. तुमचं खोटं उघडं पडायचं नाही, मामा. तेवढे दिवस त्यांच्याकडे नाहीत.