काढता-घालता ओटा

४ जुलै, सकाळ
सूनबाईने तिचा जुना फोन दिला. बटण दाबायचं, बोलायचं, तो लिहून घेतो. मला अक्षर म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे वाचणार कोणी नाही. मनातलं ओकायला याहून चांगली जागा मिळायची नाही.
चिरंजीवांनी मालवाहू व्हॅन विकत घेतली. जुनी. रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी होतंच, याला व्हॅन झाली. आत झोपायला फळी करणार, काढता-घालता येणारं किचन करणार आणि पहिली फेरी माझ्या धाकट्या बहिणीकडे. तिचं खुब्याचं हाड मोडलंय, माझे गुडघे रेल्वेची पायरी चढत नाहीत. कित्येक वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. परवा फोनवर म्हणाली, ताई, तुझ्या हातचा लसणाच्या फोडणीचा भात एकदा खायचाय गं. मी शब्द दिला, तुझ्या दारात गाडी उभी करून करते.
निश्चय: व्हॅनच्या कामात लक्ष घालायचं नाही. विचारलं तरच बोलायचं.

४ जुलै, दुपार
लक्ष घातलं. कोणी विचारलं नव्हतं, पण विचारायची अक्कल असती तर व्हॅन कशाला घेतली असती.

९ जुलै
चिरंजीवांनी सुताराला बोलावून हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी मांडली. याला लेआउट म्हणतात. हे सिंक, हा गॅस, हा ड्रॉवर. तिन्ही खोकी टीव्हीचीच.
लेआउट पहिला: मागचं दार उघडायचं, किचन ड्रॉवरसारखं बाहेर ओढायचं, रस्त्यात उभं राहून स्वयंपाक करायचा. मी विचारलं, आणि पाऊस आला तर? म्हणे वरती ताडपत्री. म्हटलं छान, भातात पाणी मोजून घालायला नको.
लेआउट दुसरा: ट्रंकेएवढी पेटी, गुडघ्याइतकी उंच. पेटीसमोर उकिडवं बसून चहा कसा करायचा ते स्वतः करून दाखवलं. मग उठता येईना. एका बाजूने सूनबाई, दुसऱ्या बाजूने सुतार. लेआउट दुसरा रद्द.
सुतार शहाणा आहे. हसला नाही. मी हसले.

१३ जुलै
आज फ्लोअरिंग. दुकानदार नमुने घेऊन घरी आला. व्हिनाइल म्हणजे लाकडाचा फोटो. फोटोवर उभं राहायचं? कॉर्क म्हणजे बाटलीची बुचं. गालिचा दाखवायला लागला तेव्हा मी नुसतं बघितलं, त्याने परत गुंडाळला.
मग मी सगळ्या नमुन्यांवर थेंब थेंब गोडेतेल टाकलं आणि त्याला म्हटलं, चाला. पहिल्याच फोटोवर घसरला. म्हणे घरात कोणी असं तेल टाकत नाही, आजी. म्हटलं, चालत्या गाडीत तेल आपणहून सांडतं.
ठरलं: जाड प्लाय, त्यावर बसमध्ये असतं तसं ठिपक्यांचं रबर. सुतार कुरकुरला, एवढ्या जाडीखाली मागच्या सीटची जुनी भोकं बुजतील. बुजू देत. भोकांतून झुरळं येतात.
या घरात डोकं एकच आहे आणि त्यावरचे केस पांढरे आहेत.

१९ जुलै
कट उघडकीला आला.
सूनबाई गच्चीत तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी कपडे काढायला गेले होते. कपडे वाळले नव्हते, तरी थांबले. शब्द न् शब्द ऐकला. खिडकीजवळ सीट बसवतोय, पाठीला मऊ उशी, चढायला बुटकी पायरी. पण आई, त्यांना मुळीच बोलू नकोस हं.
म्हणजे विहीणबाई येणार. माझ्या बहिणीकडे! ही बाई पाहुणी म्हणून येते आणि सल्लागार म्हणून राहते. मागच्या खेपेला माझ्या फोडणीत हळद कमी म्हणाली होती.
मी पुढे बसणार, मुलाच्या शेजारी. ते वेगळं ठरवायला नको. सूनबाई मागे फळीवर. आणि या महाराणी खिडकीत, उशीला टेकून. बघतेच.

२१ जुलै
विजय.
सुताराला सांगितलं, मला उभ्याने स्वयंपाक करायचाय. ओटा माझ्या कमरेच्या मापाचा, दोन शेगड्यांचा, खिडकीजवळ, वाफ जायला. तो म्हणाला आजी, तिथे सीट आहे. म्हटलं, होती.
चिरंजीव आले. आई, नक्की का? म्हटलं नक्की. परत विचारलं, परत नक्की. मग सूनबाईने अगदी हळू आवाजात विचारलं, आई, सीट नसली तर तिसऱ्या माणसाने बसायचं कुठे?
मी म्हटलं, तिसऱ्या माणसाने घरी बसावं. घर राखायला कोणी नको का?
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. चिरंजीव म्हणाले, बरं, तुझी तीच इच्छा असेल तर. असेल म्हणजे काय, आहेच.
रात्री जेवण दोन घास जास्त गेलं.

६ ऑगस्ट
ओटा बसला. सहा बोल्ट सोडवले की अख्खा बाहेर येतो. सोडवतंय कोण! चिरंजीवांनी त्यावर चहा केला आणि कंबर धरून बसले. माझ्या मापाचा आहे, त्याला कमरेतून दुमडावं लागतं. हा आणि सूनबाई, दोघंही उगाच वाढलेत.
घरात सगळे माझ्याशी फार गोड वागतात. हरल्यावर येतो तो शहाणपणा.

१४ ऑगस्ट, पहाटे
आज निघायचं. पिशवी तयार: पातेलं, तांदूळ, घरातला झाडून सगळा लसूण.

१४ ऑगस्ट, सकाळ
काही गैरसमज झाले. माझा एकही नाही.
पुढच्या सीटवर चढायला गेले. पायरी माझ्या छातीशी. गुडघा म्हणाला, नाही. सूनबाई धावत आली, आई, तुम्ही येताय? म्हटलं, मग काय निरोप द्यायला पातेलं घेऊन उभी आहे? चिरंजीवांनी डोक्याला हात लावला. तूच म्हणालीस ना, तिसऱ्या माणसाने घरी बसावं!
तेवढ्यात रिक्षातून विहीणबाई उतरल्या. मुक्कामाची बॅग घेऊन. मला एकटं वाटू नये म्हणून सोबतीला बोलावलेल्या.
म्हणजे ती सीट माझी होती. ती उशी माझी. ती पायरी माझी. मला सरप्राईज देणार होते. सरप्राईज ही मूर्ख माणसांची करमणूक आहे.
फळीवर बसून येते म्हटलं. तर नाही, पट्ट्याशिवाय चालत्या गाडीत बसायचं नाही म्हणे. पातेलं धरून मी पायरीशीच बसले. रडले नाही. डोळ्यांत प्लायचा भुसा गेला होता.
सुताराला बोलावलं. सहा बोल्ट सोडवून ओटा व्हरांड्यात. मग माझ्या ठिपक्यांच्या रबराला चार भोकं पाडून अडगळीतली पट्ट्याची सीट आत, दाराखाली बुटकी पायरी. सुतार या वेळी हसला. तेवढा शहाणा नाही तो.

१४ ऑगस्ट, दुपार
पेट्रोल पंपावर थांबलोय. जेवण: ब्रेड. उशी बरी आहे. खिडकीतून दिसतंही बरं.
विहीणबाईंचा फोन येऊन गेला. व्हरांड्यात माझ्या ओट्यावर भात टाकलाय म्हणे, हवा छान येते, उंची तर जशी काही त्यांचंच माप घेऊन केलेली. लसूण कुठे ठेवलाय विचारत होत्या. लसूण माझ्या मांडीवर आहे. सांगितलं नाही.
मग धाकटीला फोन लावला. धीर करून सांगितलं की शब्द पाळता येत नाही, किचन घरीच राहिलं. ती हसायलाच लागली. अगं वेडे, माझ्या घरी गॅस नाही का? ओटा आहे, कुकर आहे. ताई, नुसती तू ये.
तेच तर मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होते. व्हॅनमध्ये किचन हवंय कशाला?